फळमाशीचे दोन लगाम : नेक्रॉटिक आणि सर्पिन-२७ए

ही दोन्ही प्रथिने फळमाशीच्या रक्तद्रवात प्रोटिएज विकरांना (प्रथिने कापणाऱ्या विकरांना) पकडतात आणि पकडताना स्वतःही कायमची निकामी होतात. पहारा मात्र वेगळा. नेक्रॉटिक टोल मार्ग, म्हणजे संसर्गाविरुद्ध प्रतिकार चेतवणारी संदेशसाखळी, दाबून ठेवते. ते नसेल तर पर्सेफोनी हे विकर मोकाट सुटते, संसर्ग नसतानाही बुरशीविरोधी ड्रोसोमायसिन बनत राहते आणि प्रौढ माशी अंगावर काळे डाग पडून लवकर मरते. नेक्रॉटिकचे हे काम १९९९ साली उघड झाले, पर्सेफोनीचा हात २००२ साली.

सर्पिन-२७ए मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य बनवणाऱ्या विकरसाखळीला आवरते. काळी खपली जखमेपुरतीच राहते. मला हेच जास्त रंजक वाटते. संसर्गात टोल जागा झाला की हे प्रथिन रक्तद्रवातून नाहीसे होते, म्हणजे लगाम मुद्दाम सैल सोडला जातो. शिवाय भ्रूणात पाठ-पोट ठरताना टोललाही हेच आवरते!