एक्सएल चढ घेत नाही: सायलेन्सर, कार्बोरेटर की बोअर-पिस्टन?

वीस-वीस लिटरच्या दोन कॅन, म्हणजे चाळीस किलोच्या वर नुसतं दूध, त्यात कॅनचं वजन आणि पुढे चालवणारा माणूस. टीव्हीएस एक्सएल सुपर हे ओझं ६९.९ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनावर वर्षानुवर्षं वाहते. नवी असताना तिची ताकद साडेतीन हॉर्सपॉवरच्या आसपास. त्यातली अर्धी हॉर्सपॉवर कुठे अडकली तर सपाटीला समजतही नाही, पण चढ लागला की गाडी मरते. खालचा गिअर टाकून निभावून न्यायची सोय मोपेडला नाही. एकच गिअर आणि सेंट्रिफ्यूगल क्लच, एवढ्यावर तिचा कारभार.

अशी गाडी घेऊन माणूस गॅरेजला गेला की त्याला तीनपैकी एक उत्तर मिळतं. सायलेन्सर जाम झालाय, कार्बोरेटर साफ करावा लागेल, नाहीतर बोअर-पिस्टन (सिलिंडरचं आतलं भोक आणि त्यात वर-खाली होणारा पिस्टन) गेलंय. तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुठलं काम आधी करावं, एवढंच इथे सांगायचंय. संगमनेर-अकोले दूधपट्ट्यातल्या गाड्यांवर पाना चालवत माझा हात बसला, त्या अनुभवावरून लिहितोय.

पाना लावण्याआधी

गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा, मग पुढचंही. चाक दोन-तीन फेरे सहज घेत नसेल तर ब्रेक घासतोय, इंजिनाचा काही दोष नाही. चेन फार ताणलेली असली किंवा टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी अशीच जड होते.

इंजिनाचा आवाज चढतोय पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, असं असेल तर क्लचचे शू घसरताहेत. तिथे सायलेन्सर उघडून काही उपयोग नाही. इंजिन स्वतःच वर चढत नसेल, घुसमटल्यासारखं वाजत असेल, तर पुढचं वाचा.

आणखी एक फुकटची परीक्षा. गाडी दोन-तीन किलोमीटर नीट चालून मग दम सोडत असेल तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. फरक पडला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा शिरली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही.

सायलेन्सर आणि पोर्ट

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं आणि पूर्ण जळत नाही. उरलेलं काजळ होऊन एक्झॉस्ट पोर्टवर (सिलिंडरमधून धूर बाहेर पडायच्या भोकावर) आणि सायलेन्सरच्या आतल्या जाळीवर बसतं. ज्यांची गाडी रोज ओझं घेऊन हळू चालते, दर शंभर पावलांवर थांबते, त्यांच्याकडे ते लवकर साचतं, कारण सायलेन्सर कधी पुरता तापतच नाही. दूधवाले, भाजीवाले आणि पाववाले या तिघांच्या गाड्यांत हेच दिसतं. वर ‘ऑइल जरा जास्त घाला, इंजिन टिकतं’ हा गैरसमज. साधारण प्रमाण लिटरला २० मिली, म्हणजे ५० ला १. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळं दिलं असेल तर तेच खरं मानायचं. प्रमाणाबाहेर ऑइल घातलं की काजळ वाढतं आणि जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. दोन्हीकडून ताकद जाते.

लक्षणं ओळखता येतात. ताकद एका दिवसात जात नाही, महिना-दोन महिन्यांत हळूहळू जाते. सायलेन्सरचा आवाज दबतो, मागून काळं तेलकट पाणी गळतं, सुरुवातीचा पिकअप बरा असतो पण वरचा वेग येत नाही.

एकदा दूध घालणारे एक मामा आले. दुसरीकडे त्यांना बोअर-पिस्टन सांगितलं होतं, निम्मे पैसे बाजूलाही काढले होते. म्हटलं, मामा, आधी दोन नट उघडू द्या. सायलेन्सर खाली घेतला तर जिथे अंगठा शिरायला हवा तिथे शिसपेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. बाकी सगळं काळं, दगडासारखं घट्ट. त्या दिवशी त्यांचा खर्च एका पॅकिंगचा आणि मजुरीचा झाला.

काम करताना पिस्टन वर घ्यायचा, म्हणजे पिस्टनच्या अंगानेच पोर्ट झाकलं जातं आणि खरवडलेलं काजळ आत पडत नाही. खरवडायला बांबूची कामटी घ्यावी. पेचकस घेतला तर पिस्टनवर ओरखडा उठतो आणि पंधरा मिनिटांच्या कामाचं मोठं काम होतं. सायलेन्सर आतून साफ करायला काही जण तो लाकडाच्या जाळात टाकतात. काजळ जळतं, पण वरचं क्रोमही जातं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवणं बरं, हातमोजे आणि चष्मा घालूनच. मात्र हेड, पिस्टन किंवा अॅल्युमिनियमचा कुठलाही भाग त्या पाण्यात घालायचा नाही, सोडा अॅल्युमिनियम खातो. आणि आतली जाळी काढून टाकून गाडी चालवायची नाही. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर उलट दाबाने ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये थोपवून धरतो. जाळी काढली की आवाज वाढतो, ओढ कमी होते.

माझ्या मते सायलेन्सर आधी उघडण्याचं सगळ्यात मोठं कारण खर्च हे नाहीच. सायलेन्सर निघाला की पोर्टमधून पिस्टन आणि त्याच्यावरच्या रिंगा डोळ्यांनी दिसतात. टॉर्च लावा, किक हाताने हळू दाबत पिस्टन वर-खाली करा. पिस्टनचं अंग स्वच्छ, रिंग कामटीने दाबली की स्प्रिंगसारखी मागे येते, उभे ओरखडे नाहीत, तर बोअरचा विषय बहुतेक वेळा तिथेच संपतो. रिंगच्या खाली पिस्टन काळाकुट्ट झाला असेल किंवा नखाला लागतील असे उभे चरे असतील, तर पुढच्या खर्चाचा पुरावा समोर आहे. हेड न उघडता तिसऱ्या कामाची तपासणी पहिल्याच कामात होते.

कार्बोरेटर

सायलेन्सरचा दोष सावकाश येतो, कार्बोरेटरचा बहुधा अचानक. काल ठीक होती, आज ओढत नाही. पावसाळ्यात किंवा गाडी महिनाभर उभी राहिल्यावर हे हमखास होतं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. ते पाणी कार्बोरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीत तळाला बसतं, जेटमध्ये अडकतं.

परीक्षा सोपी आहे. रिकाम्या रस्त्यावर गाडी दम सोडत असताना चोक किंचित ओढा. गाडी उचलली तर तिला पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेट, पेट्रोलच्या कॉकची जाळी किंवा कुठून तरी जास्तीची हवा. चोक ओढल्यावर आणखी मेली तर पेट्रोल आधीच जास्त होतंय, तेव्हा एअर फिल्टर बघा. तेलाने आणि धुळीने माखलेला फिल्टर म्हणजे चोक कायमचा ओढून ठेवल्यासारखंच. प्लगचा रंगही तेच सांगतो. चॉकलेटी असेल तर ठीक, काळा ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, पांढरट असेल तर पेट्रोल कमी. पांढरट प्लग घेऊन ओझ्याची गाडी चालवत राहू नका. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम होतो तो असाच.

जेटमध्ये तार घालणाऱ्याकडे गाडी देऊ नका. पितळेचं भोक केसभर जरी मोठं झालं तरी ॲव्हरेज पडतं आणि नवा जेट टाकेपर्यंत गाडी ट्यून होत नाही. पेट्रोलने धुऊन कॉम्प्रेसरची हवा मारली की पुरतं.

कार्बोरेटर साफ करूनही प्लग पांढराच येत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या पॅकिंगवर, इंजिन चालू असताना, घट्ट ऑइलचे दोन थेंब सोडून बघा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय. क्रँकचं (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचं) ऑइल सील गेलं तरी असंच होतं, पण ते इंजिन उघडण्याचं काम.

सायलेन्सर की कार्बोरेटर, असा पेच पडला तर मी सायलेन्सर निवडेन. अपवाद एकच, ताकद एका रात्रीत गेली असेल तर आधी कार्बोरेटर.

बोअर-पिस्टन, की नुसत्या रिंगा

पोर्टमधून चरे दिसले, किकला दाब लागत नाही, थंड असताना गाडी चालू व्हायला रडते, असं असेल तर आणखी एक खात्री करा. प्लग काढून भोकातून लहान चमचाभर ऑइल सोडा, प्लग लावा, किक मारा. किक एकदम कडक झाली तर रिंगा आणि बोअर झिजलेत. अशा वेळी सायलेन्सर-कार्बोरेटरवर पैसे घालत बसणं म्हणजे तेच काम दोनदा करणं.

नुसत्या रिंगा स्वस्त, पण त्या कुठे चालतात हे पाहून घ्या. सिलिंडर काढल्यावर आतून बोट फिरवा. वरच्या टोकाला काठ लागत नसेल, चरे नसतील, तर नव्या रिंगा पुरतात. काठ लागला तर सिलिंडर गोल राहिलेला नाही, आणि नवी रिंग त्यात बसत नाही, दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. तिथे लेथवर बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन टाकणं हाच खरा उपाय. पिस्टन आधी घ्या आणि तो घेऊनच लेथवाल्याकडे जा, म्हणजे बोअर त्या पिस्टनच्या मापाने होतं. सिलिंडर बाहेर असताना कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढून बघा. तिथे खेळ लागला तर क्रँकही गेलाय, आणि मग हा खर्च कुठे थांबेल हे आधी विचारा.

की नवी घ्यावी?

क्रँकपर्यंत काम गेलं तर हा प्रश्न रास्त आहे. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) नसलेल्या नव्या दुचाकी विकायला बंदी आली आणि टू-स्ट्रोक मोपेडचं दुकानातलं आयुष्य संपलं. तिची जागा २०१५ मध्ये आलेल्या एक्सएल १०० ने घेतली. ९९.७ सीसी, फोर-स्ट्रोक. ताकद चार हॉर्सपॉवरच्या थोडी वर, पण ओझ्याला महत्त्वाचा आकडा टॉर्कचा. जुनीचा साधारण ५ न्यूटन-मीटर, नवीचा साडेसहा, आणि तोही थोड्या कमी फेऱ्यांवर. चढाला हा फरक लगेच जाणवतो. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं नाही, त्यामुळे पोर्ट बुजायचा त्रास नाही. मात्र इंजिन ऑइल वेळेवर बदलणं आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघणं आलं. बीएस-६ गाडीत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलंय, म्हणजे वाटेत वाटी उघडून धुण्याची सोय गेली.

जुनी ठेवायची तर आरसीची तारीख बघा. पंधरा वर्षं झाली की फिटनेस, नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. क्रँकचा खर्च त्यात मिळवून मगच आकडा धरा. रोज चाळीस लिटर दूध आणि वाटेत चढ असेल, आणि क्रँक गेला असेल, तर मी नवी घ्या म्हणेन. क्रँक शाबूत असेल तर बोअर करून जुनीच ठेवा. तिचे भाग तालुक्याच्या बाजारात अजून मिळतात आणि तिचं काम येणारा माणूस गावोगाव आहे.

बोअर केलंत तर पहिले पाचशे किलोमीटर एकच कॅन बांधा, पूर्ण रेस देऊ नका आणि लांबच्या चढाला मध्ये एकदा थांबून इंजिन निवू द्या. त्यानंतर हेडचे नट पुन्हा एकदा कसून घ्या.