कोरड्या केसांना खोबरेल की कोरफड?
दिवाळी सरली की बेळगावची थंडी केस पार राठ करते. खानापूरच्या आज्जीचा भरवसा खोबरेलावर, शहापूरच्या वैनींचा परसातल्या कोरफडीवर. मी दोन्ही करून पाहिलं. माझा कौल आज्जीला.

खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान नि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मात्र ते न्हाण्याआधीच लावायचं. २४ अंशांखाली तेल पांढरं होऊन थिजतं. वाटी गरम पाण्यात ठेवायची, तळाशी पांढरा गोळा विरघळून तेल काचेसारखं झालं की बोटांनी केसांच्या टोकांना चोळायचं. मुळांना बेतानंच. सकाळी सौम्य शांपू.

कोरफडीचा गर म्हणजे बहुतेक पाणीच. केस लगेच मऊ लागतात, पण वाळले की पुन्हा तसेच. पान कापल्यावर उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्या, त्यानं काहींना खाज सुटते.

टाळू तेलकट, टोकं कोरडी असतील तर वैनींचंही ऐका: गर टाळूला, तेल टोकांना. दुभंगलेली टोकं मात्र दोन्हींनी सांधत नाहीत, ती कापायचीच.