टीबीच्या पेशंटच्या घरच्यांची तपासणी: घरी चौकशी की दवाखान्यात एक्स-रे?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कंत्राटी काम करणाऱ्याला दवाखान्यात बोलावलं, तर त्याचा खाडा पडतो. म्हणून तो येत नाही. आशाताई घरी गेल्या की तपासणी निदान सुरू तरी होते. त्या विचारतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम? पण सासूसमोर सून "मला काही नाही" असंच म्हणते, आणि ताईंना पुढे सरकावं लागतं.

एक्स-रेला असा संकोच नसतो. शिवाय लक्षणं नसतानाही टीबी असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत एक्स-रे नसता, तर सुमारे 43 टक्के रुग्ण निसटले असते. केवळ प्रश्नांवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं ते यामुळेच.

तरी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी एक्स-रेची वाट बघत बसू नये. लक्षणं नसतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध लगेच सुरू करता येतं.

मोठ्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: चौकशी घरीच व्हावी, पण एक्स-रे प्रत्येकाचा, आणि तो सुट्टीच्या दिवशी, वस्तीजवळ. सातपूरच्या अनेक कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. रविवारचं शिबिर तिथल्या कामगाराच्या काय कामाचं?