प्रेशर वॉशर आणला, तरी पाइप का ठेवला

माझी सीएनजी एर्टिगा आहे. विमानतळ, पुणे, शिर्डी अशी भाडी मी स्वतःच मारतो. राहायला नवी मुंबईत कोपरखैरण्यात, माथाडींच्या बैठ्या घरांच्या ओळीत. गिऱ्हाईक आधी गाडीकडे बघतं, मग माझ्याकडे, त्यामुळे गाडी धुणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. कित्येक वर्षं साध्या पाइपने धुतली आणि चौदा महिन्यांपूर्वी साडेसात हजार मोजून घरगुती प्रेशर वॉशर, म्हणजे जोरदार धारेने धुणारं मशीन, आणला. स्टँडवर चारपाच जणांनी विचारलं, "घेऊ का रे?" उभ्याउभ्या सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मशीन का घेतलं ते आधी सांगतो. यापूर्वीची गाडी विकायला काढली तेव्हा घेणाऱ्याने सोबत मेकॅनिक आणला होता. त्याने दाराखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ दोनदा आपटली, तर आतून गंजाचा भुगा खाली पडला. वरचा रंग चकाचक होता, कारण मी ती गाडी एक दिवसाआड धुवायचो. पण पाइपचं पाणी दिसेल तिथेच मारत होतो. आमचं गाव पाटण तालुक्यात. गणपतीला, जत्रेला, बी-बियाण्याच्या टायमाला अशा वर्षाला पाचसहा खेपा होतात. उंब्रजवरून आत वळून पुढे वाडीचा कच्चा रस्ता लागला की पावसाळ्यात तांबडा चिखल चाकाच्या वरच्या खोबणीत थापून बसतो. दाराच्या आणि पट्टीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती या चिखलाने बुजतात. मग आतलं पाणी आतच राहतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. त्या गाडीचे माझे चाळीस हजार कमी झाले. ते मनात राहिलं होतं.

मशीन आणलं तेव्हा एर्टिगा नुकतीच गावाहून आली होती. पाइपने धुऊन, पुसून उभी होती, माझ्या मते स्वच्छ. मागच्या डाव्या चाकाशी उकिडवा बसलो आणि धार खोबणीच्या आत, वरच्या अंगाला धरली. आधी नुसतं तांबडं पाणी आलं. मग टायरमागून चिखलाची एक वडी सुटून फरशीवर पडली. बोटभर जाड, खालून कोरडी आणि भाकरीसारखी पापुद्रे सुटलेली. तिच्यात भाताचं काड आणि एक खडा रुतलेला होता. त्यामागून दुसरी पडली. चार चाकांचा मिळून अर्धं घमेलं चिखल निघाला. आमचे आप्पा ओट्यावर बसून बघत होते. ते म्हणाले, "अरे, एवढी माती तू गावावरून आणतोस, तर कुंडीत तरी टाक." टाकली. तुळस आता त्याच मातीत आहे.

हे काम पाइपला का जमत नाही, तर दाब. दहा मीटर उंचीवर पाण्याची टाकी असली की खालच्या नळाला साधारण एक बार दाब मिळतो. सात मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून खाली फार तर अडीच बार. माझ्या मशीनच्या खोक्यावर कमाल 110 बार लिहिलंय. म्हणजे अकराशे मीटर उंच टाकी, माथेरानच्याही वर. धार प्रत्यक्ष चालू असताना त्याहून बराच कमी दाब मिळतो, तरी नळाशी त्याची बरोबरीच नाही. हा सगळा दाब मात्र नोझलच्या अगदी जवळ असतो. धार हवेत पसरली की जोर झपाट्याने उतरतो. म्हणून या मशीनचं सगळं कसब अंतरात आहे. त्याचा मला पुढे दणका बसला, तेही सांगतो.

आता पाण्याचं. आपल्याकडे नळाला येतं ते मोरबे धरणाचं पाणी, भोकरपाड्याला शुद्ध होऊन येणारं, पिण्याचं. ते चाकाखालून गटारात जाताना बघवत नाही. मशीन पाणी वाचवतं असं दुकानदार सांगतातच, पण मला स्वतः मोजायचं होतं. आमच्या नळाच्या पाइपखाली वीस लिटरची बादली लावली. ती एक मिनिट चाळीस सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला बारा लिटर. पूर्वी मी पाइप जमिनीवर वाहता टाकून गाडी घासायचो. सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत वीस मिनिटं, म्हणजे 240 लिटर. खरं सांगतो, हा आकडा वहीत लिहिताना हात थांबला. पुढच्या रविवारी पाइपच्या टोकाला अडीचशे रुपयांची पितळी गन लावली, दाबलं तरच पाणी येणारी. पाणी चालू राहिलं सात मिनिटं, 84 लिटर. मशीनला पाणी नळाऐवजी बादल्यांतून दिलं, म्हणजे हिशेब चुकायला नको. अडीच बादल्या लागल्या, 50 लिटर. शॅम्पूची एक बादली तिन्ही वेळा वेगळी.

आता बघा, 240 वरून 84 वर आणलं ते अडीचशे रुपयांच्या गनने. साडेसात हजारांच्या मशीनने त्यानंतरचे 34 लिटर वाचवले. नुसतं पाणी वाचवायला कोणी मशीन घेणार असेल, तर त्याने आधी ती गन आणावी. विजेची मात्र काळजी नको. 1400 वॅटचं मशीन दहा मिनिटं चाललं तर पाव युनिटही होत नाही.

रंगावरच्या ओरखड्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण स्टँडवर सगळे म्हणतात प्रेशरने रंग जातो. ठाणे-बेलापूर रोडवर रोज फिरणाऱ्या गाडीवर जी धूळ बसते तिच्यात दगडाची कच असते. बोटाने चोळून बघा, खसखसते. रंगावरचा पारदर्शक थर माणसाच्या केसापेक्षा बारीक असतो. कच तशीच ठेवून आपण ओलं फडकं फिरवतो तेव्हा पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच होतं. उन्हात काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात ना, ते फडक्याचे असतात, पाण्याचे नसतात. म्हणून कशानेही धुवा, पण फडकं लागण्याआधी कच उतरली पाहिजे. इथे मशीन खरोखर उजवं आहे. पंख्यासारखी पसरणारी धार वरून खाली नेली की हात लावायच्या आधीच बरीचशी घाण खाली येते. मग फोमच्या बाटलीने फेस मारायचा, तीनचार मिनिटं मुरू द्यायचा, वाळू मात्र द्यायचा नाही, आणि मायक्रोफायबरच्या हातमोज्याने अलगद पुसायचं. हातमोजा धुवायला वेगळी बादली. छोट्या मशीनचा फेस जाहिरातीत दिसतो तेवढा घट्ट होत नाही, ताकाएवढाच होतो. पण काम होतं.

आता तो दणका. मागचा बंपर गेल्या वर्षी एका गॅरेजात रंगवून घेतला होता. त्याच्या कोपऱ्यावर पक्ष्याची विष्ठा वाळून बसली होती. मी नोझल अगदी चार बोटांवर नेलं. विष्ठा गेली आणि तिच्यासोबत रंगाचा एक टवका उडून लांब पडला, दहाच्या नाण्याएवढा. खाली काळं प्लास्टिक. हात लावून बघितलं तर टवक्याच्या कडेचा रंग नखाने उचलला जात होता. खडीचा बारीक मार तिथे आधीच बसलेला असणार, धारेला फक्त कड सापडली. कंपनीचा भट्टीत पक्का झालेला रंग एका फुटावरून काही हलत नाही. पण बाहेर रंगवलेला भाग, त्यातही प्लास्टिक, आणि जिथे टवका आधीच गेलाय तिथे मशीन लांबच ठेवा. त्या दिवसापासून मुलाची शाळेतली फूटपट्टी दोऱ्याने मशीनच्या दांड्याला बांधली आहे. तीस सेंटिमीटरच्या आत जायचं नाही. गरगर फिरणाऱ्या धारेचं एक जास्तीचं नोझल सोबत येतं. ते फरशीचं शेवाळ काढायला उत्तम आहे, पण गाडीवर चुकूनही नको. टायरच्या बाजूच्या भिंतीवरही जवळून धार धरू नका, रबराला इजा होते आणि ती वरून दिसतेच असं नाही.

मशीनची कटकटही आहे, ती लपवत नाही. पहिल्याच आठवड्यात ते धडधडायला लागलं, धार तुटक यायची. मला वाटलं गेले साडेसात हजार. खरं कारण पंपात अडकलेली हवा होती. आधी पाणी जोडायचं, मशीन बंद असतानाच गनचा खटका दाबून धरायचा, पाणी अखंड यायला लागलं की मगच बटण चालू करायचं. कोरडं तर कधीच चालवू नका, आतले सील जातात. काम संपल्यावर बटण बंद करून पुन्हा एकदा खटका दाबायचा, म्हणजे नळीत कोंडलेला दाब निघून जातो. पाणी आत येतं तिथे एक इवलीशी जाळी असते, ती महिन्यातून एकदा धुतो. नवव्या महिन्यात गनच्या सांध्यातून थेंब गळायला लागले, दहा रुपयांच्या रबरी रिंगेने ते थांबलं. सोबतची नळी पाचच मीटर आणि ताठ आहे. गाडीला एक फेरी मारताना मशीन दोनदा तरी कलंडतं.

वायरचं नीट ऐका. आधी मी घरातलं टीव्हीचं एक्स्टेन्शन वापरलं. पाच मिनिटांत वायर हाताला कोमट लागली. लगेच बंद केलं आणि अडीच स्क्वेअर एमएमची जाड तीन पदरी वायर, गिझरच्या सॉकेटला जाईल असा प्लग, असं करून घेतलं. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच, आहे याची खात्री करा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून हे मशीन चालवू नका. मी रबरी चप्पल घातल्याशिवाय बटणाला हात लावत नाही.

आणि आवाज. आमच्या ओळीत भिंतीला भिंत आहे. शेजारचे काका भाजी मार्केटला आहेत, रात्री जातात आणि सकाळी येऊन झोपतात. पहिल्या रविवारी मी सकाळी आठला मशीन चालू केलं तर काकू बाहेर आल्या. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बाळा, आत्ताच डोळा लागलाय रे त्यांचा." मला फार वाईट वाटलं. माझ्या आप्पांनी कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या, त्यांची झोप सांभाळतच मी लहानाचा मोठा झालो, आणि मलाच ते सुचू नये. तेव्हापासून मशीन फक्त रविवारी संध्याकाळी पाचनंतर.

म्हणजे रोज सकाळी पाइपच, गन लावलेला. धूळ उतरवायची, पुसायचं, निघायचं, बारा मिनिटांत. दारांची रबरं, आरसे, मागचा कॅमेरा, पार्किंगचे सेन्सर, पुढच्या जाळीमागचे रेडिएटरचे नाजूक पातळ पत्रे, इथे मला पाइपच हवा. शेवटचं पाणीसुद्धा पाइपचंच बरं. गन काढून उघडा पाइप टपावर धरला की पाणी चादरीसारखं एकसंध घसरतं आणि मागे थेंब कमी राहतात. मशीनने तुषार उडतात, सगळीकडे थेंब बसतात आणि वाळले की पांढरे डाग पडतात. ज्यांच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी आहे त्यांना हे जास्त जाणवेल. पाइप मात्र जाळी घातलेला घ्या. तो हिरवा, पातळ, स्वस्तातला वळणावर मुडपतो.

तर घ्यावं का? गाडी गावी जाते, कच्च्या रस्त्याला लागते, पावसाळ्यात घाट चढते आणि दारात स्वतःचा नळ आणि जाड सॉकेट आहे, त्याने घ्यावं. वॉशिंग सेंटरला मी एका वेळचे चारशे देत होतो, महिन्यातून दोनदा. दहाव्या महिन्यात माझे पैसे सुटले. गाडी फक्त घर ते ऑफिस करते आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहते, त्याने गन, दोन बादल्या आणि चांगला हातमोजा घ्यावा. हजारात काम होतं.

आमच्या स्टँडवरचा एकजण घणसोलीला चौथ्या मजल्यावर राहतो. त्याच्या पार्किंगला नळ नाही, सॉकेटही नाही. तो ऑनलाइन सेल बघत होता, अगदी पैसे भरायच्या बेतात. त्याला म्हटलं, नको घेऊस. कोकणातून आलास की रविवारी पाचनंतर गाडी माझ्या दारात लाव, फडकी तुझी आण. गेल्या रविवारी आला होता. त्याच्या पुढच्या उजव्या चाकातून निघालेली वडी माझ्या वडीपेक्षा मोठी होती.