एएक्स 3000 राउटर : स्पीड राहू द्या, लाईन (वीज) आल्यावर नेट कधी येतं ते बोला

उन्हाळ्यापासून वापरतोय, स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत म्हणून लिहीत नाही. स्पीडची तक्रार नाही, रेंज मागच्या बेडरूमपर्यंत जाते, गरमही फार होत नाही. माझं भांडण एकाच गोष्टीवर आहे, लाईन जाऊन आली की हा बाबा उठायला किती वेळ घेतो.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. मग मे महिन्यात नागपूरला मनीष नगरात या. दुपारी 45 डिग्री, अख्ख्या बिल्डिंगचे कूलर सुरू, व्होल्टेज रडतंय, आणि मी घरून काम करणारा माणूस. राउटर इन्व्हर्टरवरच आहे हो, पण लाईन जाऊन इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना जो झटका बसतो ना तेवढ्यातच हा रीस्टार्ट होतो. पंख्याला काही फरक पडत नाही, ह्याचंच नाजूक!

तर आधी मला वाटलं हा सुरू व्हायलाच स्लो आहे. मग नीट पाहिलं तर ह्याच्या दोन वायफायपैकी 2.4 वाला लवकर यायचा आणि 5 गिगाहर्ट्झवाला त्यानंतर अजून मिनिटभर गायब. लॅपटॉप 5 वरच जोडलेला, म्हणजे मीटिंगमधले लोक "आवाज येतोय का" करत बसलेले. शेवटी सिस्टम लॉग, म्हणजे राउटरची नोंदवही, उघडला. (राउटरमध्ये घड्याळाचा सेल नसतो, म्हणून इंटरनेटवरून टाइम मिळेपर्यंत लॉगमध्ये 1970 सालचा जानेवारी चालू असतो, घाबरू नका.) त्यात डीएफएसची (रडारला वाट मोकळी ठेवायच्या नियमाची) ओळ दिसली आणि सगळा उलगडा झाला.

भानगड अशी की चॅनेल विड्थ, म्हणजे वायफायच्या रस्त्याची रुंदी, 160 मेगाहर्ट्झ होती. 160 साठी 36 ते 64 पर्यंतची चॅनेल एकत्र लागतात, आणि त्यातली 52 पासून पुढची चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत. नियमच आहे की राउटरने आधी 60 सेकंद रडार आहे का ते गुपचूप ऐकायचं, मगच वायफाय सोडायचं. मध्येच रडार सापडलं तर ते चॅनेल अर्धा तास बंद. आता दर लाईनमागे एक मिनिट हा कान लावून बसणार, आणि कशासाठी? खोक्यावरच्या 3000 स्पीडच्या आकड्यासाठी. 160 वर लिंक 2402 एमबीपीएस दाखवते, 80 वर 1201. माझा प्लॅन 100 चा आहे राजेहो, उरलेल्याचं काय लोणचं घालू?

मग विड्थ 80 आणि चॅनेल ऑटो काढून 36 फिक्स केलं, म्हणजे रडारवाली चॅनेल लागतच नाहीत. आता 5 वाला 2.4 च्या मागोमाग येतो. फुकटात. इतका आनंद मला राउटर घेताना पण नव्हता झाला.

इथपर्यंत रिव्ह्यू लिहून ठेवला होता, चार स्टार देणार होतो. मग पावसाळ्यात दुसरंच सुरू झालं. वायफाय पटकन यायचं पण इंटरनेटचा लाल दिवा, आणि राउटरच्या पेजवर ऑथेंटिकेशन फेल, म्हणजे लॉगिनच होईना. नेटवाल्यांचा पोरगा आला, राउटरकडे बघितलं न बघितलं आणि "काका, राउटरच गेला तुमचा, आमच्याकडनं घ्या." अबे, कालपर्यंत चालत होता ना! माझ्या मते होतं असं की लाईन अचानक गेली की राउटर "मी चाललो" हे सांगत नाही, त्यामुळे त्यांच्या सर्व्हरवर जुनं पीपीपीओई सेशन (नेटचं लॉगिन) जिवंतच राहतं आणि नवीन लॉगिनला तो हाकलून लावतो. फोनवर तीनदा भांडल्यावर एका ताईंनी जुनं सेशन क्लिअर केलं, दोन मिनिटांत हिरवा दिवा. पोरगा अजून राउटर विकायच्याच नादात आहे. यात राउटरचा दोष नाही म्हणून स्टार कापत नाही, पण कनेक्शन मोड "ऑन डिमांड" असेल तर ऑटोवर ठेवा, म्हणजे तो स्वतःहून परत परत डायल करत राहतो. एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) 1492 आहे तोच राहू द्या, ते वाढवून काही मिळत नाही.

सगळे म्हणतात मिनी यूपीएस (राउटरपुरती छोटी बॅटरी) घे, बर्डीच्या बाजारात हजार-दीड हजारात मिळतो. तेवढ्यात माझं दोन महिन्यांचं नेट होतं. त्यापेक्षा इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते दाबून बघा, बदली पटकन होते आणि राउटर बंदच पडत नाही. उन्हाळ्यात मात्र सांभाळून, त्या मोडमध्ये व्होल्टेज 180 च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो, आणि आमच्याकडे दुपारी कूलरच्या टायमाला ते जातंच. मी दिवाळीपर्यंत नॉर्मलवरच ठेवला, आता यूपीएसवर केलाय.

साडेतीन स्टार. अर्धा यासाठी कापला की फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं आणि ह्यानं न विचारता विड्थ परत 160 करून ठेवली. अपडेटनंतर तेवढं बघून घ्या.