मंदीतली खरेदी: लिलावातलं घर की मालकाशी थेट व्यवहार?

बाजार पडलेला असताना, बाकीचे मागे सरत असताना खरेदीला उतरायचं हे एकदा ठरलं, की पुढचा प्रश्न वाटेचा. कर्ज थकल्यामुळे बँकेने लिलावाला काढलेलं घर घ्यावं, की अडचणीपोटी विकायला निघालेल्या मालकाशी थेट बोलावं? दोन्हीकडे भाव उतरलेला मिळतो. तो का उतरला आहे, याची कारणं मात्र वेगळी आहेत.

लिलावाची बाजू कमकुवत नाही. आपण घर काय भावाने घेतलं होतं, हे मालक सहसा विसरत नाही. बॉस्टनमधल्या १९९०च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीच्या अभ्यासात हेच दिसलं होतं: तोट्यात असलेले मालक भाव चढा सांगत आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहत. म्हणून मंदीत आधी व्यवहार आटतात, भाव मागाहून उतरतात. बँकेला अशी ओढ नसते. राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली बोली घेतली जात नाही तो भाव, जाहीर असते, घासाघीस करावी लागत नाही.

पण मुदत पाहा. भारतात सरफेसी कायद्याखालच्या (थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला न्यायालयात न जाता विकू देणारा कायदा) लिलावात बोली लागली की अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत भरायची. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. हप्ता चुकला तर भरलेली रक्कम जप्त होते. इंग्लंडमधल्या पारंपरिक लिलावात हातोडा पडताच १० टक्के आणि बाकी बहुधा २८ दिवसांत. दुसरीकडे, खरेदीदाराला गृहकर्ज देणारी संस्था मूल्यांकन करणार, कागद वकिलाकडे पाठवणार, शंका काढणार. मंदीत संस्था जास्तच सावध असतात आणि मूल्यांकन अपेक्षेपेक्षा कमी आलं तर कर्जही कमी बसतं. मग पंधराव्या दिवसापर्यंत तो फरक कुठून आणायचा? माझं मत इथेच ठरलं. मंदीत खरेदीदाराकडे एकच मोठं हत्यार असतं, वेळ. लिलाव नेमका तोच काढून घेतो.

वेळ किती असतो, हेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत घरांचे भाव २००६च्या शिखरावरून २०१२पर्यंत पाव हिश्श्याहून जास्त उतरले. आयर्लंडमध्ये २००७ ते २०१३ या काळात ते निम्म्यावर आले. अशा उतारावर पंधरा दिवसांत निर्णय उरकण्याची खरेदीदाराला काहीच निकड नसते.

दुसरी गोष्ट ताब्याची. जाहिरातीत ताबा ‘प्रतीकात्मक’ आहे की ‘प्रत्यक्ष’, हा शब्द आधी शोधावा. प्रतीकात्मक, म्हणजे फक्त कागदोपत्री, असेल तर आत कुणीतरी राहतंय असंच धरून चालावं. घर ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर मिळतं. गळती, थकलेली देखभाल वर्गणी, मालमत्ता कर हे सगळं बहुधा घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. अमेरिकेत घरावर केंद्रीय कराचा बोजा असेल, तर विक्रीनंतरही १२० दिवस कर खात्याला खरेदीदाराचे पैसे परत देऊन ते सोडवून घेता येतं. तोवर दुरुस्तीत पैसे घालणं धोक्याचं.

हिशोब असा मांडावा. बाजारभाव १०० धरा. राखीव किंमत ८०, पण चढाओढीत बोली ८६ला थांबली. थकबाकी २, दुरुस्ती ५, घर रिकामं करून घेण्याचा आणि वकिलाचा खर्च ४, आणि वर्षभर पैसा भाड्याविना अडकला त्याचं आठ टक्क्यांनी व्याज ७. बेरीज १०४. उलट मालकाशी ९०ला जमलं आणि दुरुस्ती ३ निघाली, तर ९३. आकडे प्रत्येक घराचे वेगळे असणार, पण या ओळी न लिहिता बोली लावू नये.

थेट व्यवहारही आपोआप स्वस्त पडत नाही. आधी गरजू मालक ओळखावा लागतो: दुसरं घर घेऊन बसलेला आणि दोन हप्ते भरणारा, वारसाहक्काचं घर वाटून घ्यायला निघालेली भावंडं, शेवटचे चार फ्लॅट उरलेला बिल्डर. पहिल्याच भेटीत त्यांच्या कर्जाच्या शिल्लक रकमेचं पत्रक मागावं. मंदीत हे व्यवहार बहुधा याच कारणाने फिसकटतात: शिल्लक कर्ज ठरलेल्या भावापेक्षा जास्त निघतं, बँक बोजा उतरवत नाही, आणि तोवर इसार देऊन झालेला असतो. शिल्लक कमी असेल तर तेवढी रक्कम थेट मालकाच्या कर्जखात्यात भरावी, उरलेली मालकाला द्यावी. इसार लहान ठेवावा. ‘हक्कतपासणीत दोष निघाला किंवा कर्ज मंजूर झालं नाही तर इसार परत’ ही ओळ करारात असावी. लिलावात अशी ओळ लिहून मिळत नाही.

भाव पाडतानाही नुसत्या आकड्यावर अडून बसू नये. मालकाला कधी भावापेक्षा तारखेची जास्त गरज असते: मुलांच्या परीक्षेपर्यंत राहू देणं, किंवा रक्कम ठरल्या दिवशी हमखास देणं. एवढ्या सवलतीवर दोन-तीन टक्के सहज सुटतात, असा माझा अनुभव आहे. घर दोनदा पाहावं, त्यातलं एकदा पावसानंतर. मग वर्षाचं भाडं अकरा महिन्यांचंच धरून त्यातून देखभाल आणि कर वजा करावा, आणि एकूण खर्चाशी ताडून पाहावं. भाव आणखी १५ टक्के उतरले तरी घर विकावं लागणार नाही, इतकं कर्ज झेपतंय का, हेही याच वेळी पाहावं.

ज्यांच्याकडे पूर्ण रक्कम रोख आहे, हक्काचा वकील आहे आणि वर्षभर थांबायची तयारी आहे, त्यांना लिलाव परवडू शकतो, विशेषतः घर रिकामं आणि प्रत्यक्ष ताब्यात असेल तर. बाकीच्यांनीही लिलावाच्या याद्या वाचायला हरकत नाही. बोलीच न लागलेली घरं पुढे कमी राखीव किंमतीला येतात, आणि काही वेळा बँक खासगी वाटाघाटीलाही तयार होते. लिलाव फसल्यानंतरच्या आठवड्यात अशा घराची चौकशी करावी आणि कर्ज मंजूर करून घेण्यापुरती मुदत मिळते का, ते आधी विचारावं.