शिडाच्या बोटीत आठ महिने: आमचा अनुभव

ऑक्टोबर ते मे असा अख्खा सीझन आम्ही तिघांनी शिडाच्या बोटीत काढला. तिघं म्हणजे मी, माझा पंधरा वर्षांचा मुलगा आणि माझे सासरे. कुलाब्याकडच्या एका सेलिंग स्कूलमध्ये आधी चार वीकेंडचा कोर्स, मग दर रविवारी तासावर बोट. ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आम्ही हौसेनं गेलो नव्हतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये माझा नवरा हार्ट अटॅकनं गेला. तेव्हापासून मुलाचं बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘जेवलो’ एवढ्यावर आलं होतं. समुपदेशन झालं, गणपतीत गावी जाऊन झालं. सेलिंगचं खूळ नवऱ्याचं. 2010 साली नौदलाचे दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले, तेव्हापासून ‘आपणही शिकायचं’ चाललं होतं. राहून गेलं. म्हटलं, आपण तरी जाऊन बघू.

बोट साधीच. फायबरची, चार माणसांची, दोन शिडं: मेन म्हणजे मोठं आणि जिब म्हणजे पुढचं लहान. शीट म्हणजे शीड नव्हे, शिडाची दोरी, हे कळायलाच मला एक रविवार लागला.

खरी गंमत बोट वळवण्यात आहे. टिलरवरचा, म्हणजे सुकाणूच्या दांड्यावरचा माणूस विचारतो, “रेडी अबाउट?” म्हणजे वळायला तयार? जिबच्या दोऱ्या सांभाळणाऱ्यानं “रेडी!” म्हणायचं. मग “ली-हो!” आणि सगळे बूमखालून, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याखालून, वाकून पलीकडच्या बाजूला. पहिले दोन रविवार आमच्या पोरानं नुसती मान हलवली. टिलरवाल्याची नजर शिडाकडे, त्याला मान कुठून दिसणार? मग जिब वेळेवर सुटायची नाही, बोट वाऱ्याकडे नाक करून थबकायची आणि दोन्ही शिडं फडफडत बसायची. इन्स्ट्रक्टर एकदाही ओरडला नाही. पुन्हा तेच विचारायचा. तिसऱ्या रविवारी “रेडी” आलं, तेही वैतागून. मला तेवढं पुरलं.

वेळ निवडताना दुपारची घ्या. शाळेत पाठ केलेले खारे आणि मतलई वारे इथे अंगाला लागतात: थंडीत सकाळी जमिनीकडून मंद वारा, मध्येच सगळं शांत, आणि दुपारी समुद्राकडून भरभरून. भरती-ओहोटीचं खातं आमच्या बाबांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे. गोदीत नोकरी झालेली. मोबाइलवर टाइडचा तक्ता असला तरी ते कालनिर्णय बघणार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडंफार मागेपुढे होतं, पण बोट उतरवायला धक्क्याशी पाणी असेल की चिखल, ते घरूनच कळतं.

तक्रारी आहेत. लाइफ जॅकेटांपैकी एकाचं बक्कल तुटकं होतं. तीनदा सांगितल्यावर बदललं. आता आम्ही स्वतःची नेतो. तुम्हीही न्या. बुकिंग आयत्या वेळी रद्द होतं आणि पैसे परत मिळवताना चपला झिजतात. सुकाणूला प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात. मांडव्याच्या लाँच जवळून गेल्या की त्यांच्या लाटांनी बोट अशी हलते, की पहिल्या दिवशी मी घरचे पोहे समुद्राला अर्पण केले.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. फेब्रुवारीत, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाची ओहोटी चालू असताना साडेपाचला वारा पडला. शिडं लुळी. बोट डॉल्फिन लाइट या समुद्रातल्या दिव्याच्या पलीकडे सरकत चालली होती आणि गेटवे लहान लहान होत होता. इन्स्ट्रक्टरनं नांगर टाकून वॉकीटॉकीवरून टो करायला बोट मागवली. ती यायला पाऊण तास लागला. पाऊण तास चार माणसं, एक पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याच्या दोन चिक्क्या. मध्येच पोरगा म्हणाला, “बाबा असते तर आत्तापर्यंत त्यांनी रिफंड मागितला असता.” सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. वर्षभरात घरात कुणी माझ्या नवऱ्याचं नाव असं सहज घेतलं नव्हतं. मी तोंड फिरवून प्राँग्जच्या दीपगृहाकडे बघत राहिले.

यानं माणूस बरा होतो का? मला तसं म्हणवत नाही. सोमवारी सकाळी सगळं परत तसंच असतं. मुलगा अजूनही कमीच बोलतो, फक्त रविवारी रात्री झोप लागते, आम्हा तिघांनाही. समुपदेशन आम्ही थांबवलेलं नाही, आणि त्याच्याऐवजी म्हणून कुणी इकडे येऊ नये. लहान पोरांना घेऊन येणार असाल तर एप्रिल-मे टाळा, ऊन सोसवत नाही. मला पाचपैकी साडेतीन द्यावेसे वाटतात. अर्धा त्या बक्कलापायी कापला.

आता पावसाळ्यामुळे बोटी बाहेर काढून झाकून ठेवल्यात. पुढच्या सीझनचे पैसे मी अजून भरलेले नाहीत, मुलाची दहावी आहे. पण परवा कालनिर्णयचं पान उलटलं तर ऑक्टोबरच्या प्रत्येक रविवारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात भरतीची वेळ लिहिलेली. अक्षर सासऱ्यांचं नव्हतं.